बेस्नाची शेवटची मडकी

मंगळवारी दुपारी शेजारच्या कुत्र्याने शेडमधली वाळू उकरली नसती, तर सोसिनला शुक्रवारपर्यंत कशाचाच पत्ता लागला नसता. ती गोठा झाडून येत होती. कुत्र्याला हाकलायला तिने खराटा उगारला आणि तो तसाच हातात राहिला. कुत्र्याचे पुढचे पंजे चिखलाने भरले होते.

शेडमध्ये चिखल कुठून येणार? जूननंतर डोंगरात पावसाचा टिपूस नव्हता, आणि असता तरी वर पत्रा होता. सोसिनने गुडघे टेकले आणि वाळूत कोपरापर्यंत हात घातला. वरची चार बोटं कोरडी, त्याखाली थंडगार, ओलीगच्च. मूठभर बाहेर काढून तिने वास घेतला. नासलेल्या दुधाचा वास लपत नाही.

त्या वाळूखाली तिच्या सासूची अकरा मडकी पुरलेली होती.

सासू, बेस्ना, जुलैत गेली. लोकर विंचरता विंचरता तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. पण जूनमध्ये, हातपाय धड असताना, तिने दरवर्षीसारखं वर्षाचं चीज घालून ठेवलं होतं. बर्फ वितळतं त्या कडेला उगवणारी सिरिक, म्हणजे रानलसूण, तिने स्वतः खुडून आणली. मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये ती कालवली, मुठीने ठोसून ठोसून मडकी भरली, तोंडावर द्राक्षाची पानं आणि फडकं घालून राखमातीने लिंपली आणि कोरड्या वाळूत पालथी पुरली.

"मडकं पालथंच पुरायचं," ती सोसिनला सांगायची. "चीज चार महिने रडतं. त्याला खाली रडू द्यायचं, वाळू पिऊन टाकते. फक्त वाळू कोरडी हवी. ओली झाली की ते आपलंच रडू परत पितं."

बेस्नाच्या हाताला चव होती. हे मी म्हणत नाही, तिच्याशी चाळीस वर्षं भांडलेल्या बायका म्हणत. तेच दूध, तेच मीठ, तीच सिरिक, पण तिच्या मडक्यातलं चीज जिभेवर ठेवलं की माणूस बोलता बोलता थांबायचा. आता ती चव जगात उरली होती ती फक्त या अकरा मडक्यांत. म्हणून तर ती गेल्यावर चाळिसाव्याच्या दिवशी थोरली लेक एस्मेर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आईच्या हातचं एवढंच राहिलंय. कुणी हात लावायचा नाही. शरदात तिच्या नावाने मेवलूदचा पाठ वाचू, गावाला जेवण घालू आणि तेव्हा मी माझ्या हाताने वाळू उकरीन." मग सोसिनकडे वळून तिने विचारलं, "राखशील ना?"

"डोळ्यात तेल घालून," सोसिन म्हणाली होती.

मेवलूद शुक्रवारी होता. एस्मेर दोघी बहिणींना घेऊन वान शहरातून सकाळीच येणार होती.

सोसिन खराटा टाकून वाळूतच बसली. तिला सगळं लख्ख आठवलं. ऑगस्टमध्ये एके दिवशी बागेच्या पाण्याची पाळी होती. कालवा उघडून ती टोमॅटोच्या वाफ्याशी उभी होती, तेवढ्यात सेरहादचा फोन आला. तिचा नवरा इस्तंबूलला इमारतींवर काम करायचा, आठवड्यातून एकदा काय तो आवाज ऐकायला मिळे. बोलता बोलता ती तुतीखाली गेली, हसली, रुसली, आणि परत आली तेव्हा पाणी बांध फोडून शेडच्या अंगाला पसरलं होतं. जमीन पितेय म्हणून तिने सोडून दिलं. सोडून दिलं! मेर्सिनच्या समुद्राकाठी चौथ्या मजल्यावर वाढलेली मुलगी ती. पाणी नळातून येतं आणि मोरीत जातं, एवढंच तिला ठाऊक. लग्न होऊन आली तेव्हा मेंढी कुठल्या बाजूने दोहायची हेही तिला माहीत नव्हतं. एस्मेर तिला "समुद्रावरची मासोळी" म्हणायची. बेस्ना मात्र कधी हसली नाही. हाताला धरून तिने एकेक गोष्ट शिकवली, आणि तिने शिकवलेलं आपण पाण्यात घातलं. सोसिनला वाटलं, आत्ता या क्षणी धरणी दुभंगावी.

धरणी काही दुभंगली नाही. तेव्हा ती उठली आणि मेते सारोकडे गेली.

मेते सारो, म्हणजे सारो आत्या, पलीकडच्या घरात एकटी राहायची. सत्तरी उलटलेली, तोंडात तीन दात आणि जीभ मात्र शाबूत. तिचं आणि बेस्नाचं जन्मभर एकच भांडण: चीज कुणाचं चांगलं.

सगळं ऐकून सारो म्हणाली, "बेस्नाने तुला चार वर्षं शिकवलं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच की."

"मेते, पाया पडते. शिव्या शनिवारी द्या. आज काहीतरी सांगा."

"सांगते काय! उकर आधी. आणि माझ्याकडे आण सगळं. तुझ्या घरात तो म्हातारा बसलाय, त्याला वास आला तर हाय खाऊन मरेल."

म्हातारा म्हणजे तेमो, सोसिनचा सासरा. मोतीबिंदूने डोळे धूसर झालेले, उन्हाळ्यात तुतीवरून पडल्यापासून उजवा गुडघा वाकत नव्हता. बेस्ना गेल्यापासून तो दिवसभर अंगणात तुतीखाली जपमाळ घेऊन बसायचा. कुणी जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर विचारायचा नाही. मडकी उघडायच्या दिवसाची मात्र तो वाट बघत होता. "शुक्रवारला किती दिवस, बूके?" असं तो सुनेला रोज विचारायचा. आजही सकाळी त्याने विचारलं होतं.

सोसिनने हाताने वाळू उपसली. फावडं लावायची हिंमत नव्हती. मडकं वर आलं की हातगाडीत ठेवायचं, वर गवत टाकायचं आणि अंगणातून सारोकडे न्यायचं. तिसऱ्या खेपेला तेमोने मान वर केली.

"गवत कुठे नेतेस, बूके?"

"मेते सारोच्या गाईला, बावो."

"सारोने गाय विकून दोन वर्षं झाली."

"नवी घेणारेत."

"बिचारी गाय," तेमो म्हणाला आणि पुन्हा माळ ओढू लागला.

उकरताना सोसिनला एक गोष्ट खटकली. कालव्याच्या बाजूची वाळू अगदी कोरडी होती, भाजलेल्या पिठासारखी. ओल होती ती मधोमध. पण त्या वेळी डोकं ठिकाणावर कुणाचं होतं? पाणी खालून आलं असेल, असं म्हणून ती उपसत राहिली. शेडखाली सगळी चिकणमाती, आलेलं पाणी जाणार तरी कुठे?

अकराही मडकी सारोच्या ओसरीवर आली. सारोने विळीने पहिल्याचं लिंपण खरवडलं, फडकं ओढलं, आणि दोघींनी एकदमच तोंड फिरवलं. पानांच्या जागी काळा लगदा होता. त्यामागून पिवळट बुळबुळीत काहीतरी आपणहून बाहेर आलं.

"गेलं," सारो म्हणाली. "दुसरं."

दुसरंही गेलं, तिसरंही गेलं. ही तिन्ही खड्ड्याच्या मधली. सोसिन ते टाकून आली तेव्हा ज्या कुत्र्याने वाळू उकरली होती त्यानेही हुंगून शेपूट फिरवली. परत आल्यावर ती ओसरीच्या खांबाला धरून ओकली आणि तोंड धुऊन पुन्हा बसली.

चौथ्या मडक्यात सारोने विलोच्या झाडाची बारीक काडी तळापर्यंत खुपसली, बाहेर काढली आणि काडीचा वास घेतला. मग काडी सोसिनच्या नाकाखाली धरली. "टोकाला काय येतं?"

सोसिनने डोळे मिटले. काडीच्या बुडाला सडका वास, पण टोकाला, अगदी टोकाला, लसणाचा तिखट, ओळखीचा वास. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दाये आहे," ती म्हणाली. सासूला ती दाये, म्हणजे आई, म्हणायची.

"रडू नकोस, आधीच पाणी जास्त झालंय. सुरी घे."

मंगळवार गेला तो खरवडण्यात. आठ मडक्यांतून बोट बोट, कधी वीत वीत चीज कापून टाकायचं. सुरी दर कापाला उकळत्या पाण्यात बुडवायची, नाहीतर ती सड आतपर्यंत नेते. पाच मडक्यांत निम्म्याहून कमी उरलं. भिंतीकडच्या तिन्हींत बरंच चांगलं होतं. पण चांगलं म्हणजे तरी काय, वरवर चांगलं. पाण्याचा बुळबुळीतपणा चिरांतून आत गेला होता. बोटांना तो कळायचा.

"आता फोडायचं," सारो म्हणाली. "सगळं कुस्करून मिठवणीत धुवायचं, फडक्यात टांगायचं, दगडाखाली दाबायचं आणि नव्या मडक्यात ठासायचं. दुसरा उपाय नाही. पाणी उकळून गार कर. त्यात अंडं तरंगेल इतकं मीठ घाल."

सोसिनने एक ढेकूळ उचललं आणि ती थबकली. बेस्ना मडकं थराथराने भरायची, दर थर मुठीने दाबायची. दोन थर एकमेकांपासून सुटले होते आणि आतल्या अंगाला चार खळगे होते, ओळीने. मुठीचे. मधल्या बोटाचा खळगा जरा वाकडा, कारण बेस्नाचं ते बोट लहानपणी जात्यात सापडलं होतं.

"हे नाही फोडणार मी."

"मग शुक्रवारी सगळ्यांना मूठच चाटायला दे."

"मेते, हे बघा तरी."

सारोने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काडी खुपसून वास घेतला, चारही बाजूंनी. "हे आतलं आहे. याला पाणी लागलेलं नाही," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "हे एवढं वेगळं ठेव. पण बाकीचं फोडायचं. म्हातारे, तूही बघत असशील तर बघ," ती छताकडे बघून ओरडली, "तुझं चीज माझ्या ओसरीवर मी धुतेय! चाळीस वर्षं म्हणत होते ना, मीठ कमी घालतेस म्हणून!"

आणि मग तिने पदराने नाक पुसलं.

बुधवारी पहाटेपासून धुणं सुरू झालं. कुस्करलेलं चीज मिठवणीत हलकेच फिरवायचं, लगेच काढायचं. पहिल्या धुण्याला पाणी गढूळ झालं, बुळबुळीत थर सुटला. वास राहिलाच. दुसऱ्या धुण्याला वास निम्मा झाला. सोसिनने चिमूटभर तोंडात टाकलं. खारट. मग त्या खारटामागून, फार मागून, सिरिक. आणि त्याच्याही मागे, होय का नाही असं वाटणारं काहीतरी.

"अजून एकदा धुवावं लागेल," सारो म्हणाली.

"चव चाललीये, मेते."

"जाणारच. दर धुण्याला बेस्ना थोडी निघून जाते. मला काय कळत नाही?"

"मग नको धुवायला."

"नको धुऊ. शुक्रवारी गावाला वाढ, शनिवारी गाव पोट धरून झोपेल. बेस्नाच्या नावाने दिलेलं अन्न लोकांना बाधलं म्हणजे झालं! तू ठरव. मडकी तुझ्या हवाली होती."

सोसिन हात मिठवणीत बुडवून बसून राहिली. बोटांच्या चिरा मिठाने झोंबत होत्या. धुतलं तर चव जाणार, नाही धुतलं तर चीज जाणार. सेरहादला फोन करावा, असं शंभरदा मनात आलं आणि शंभरदा तिने फोन बाजूला ठेवला. त्याला काय सांगणार होती? तुझ्या आईला बुडवलं म्हणून? ज्या फोनमुळे झालं तोच फोन लावून?

"धुते," ती शेवटी म्हणाली आणि तिने सगळं तिसऱ्यांदा धुतलं. ते पाणी ओतून द्यायला मात्र तिला जमेना. सारोनेच ते तिच्या हातातून घेतलं आणि परसात ओतलं.

रात्रभर दाबून गुरुवारी सकाळी दगडाखालचं चीज कोरडं, घट्ट झालं. अकरा मडक्यांचं मिळून जेमतेम तीन मडकी भरली. सोसिनने ती बेस्नासारखीच भरली, थराथराने, मुठीने ठोसून. तिसऱ्या मडक्याच्या तळाशी तिने ते मुठीचं ढेकूळ अखंड ठेवलं. पानं, फडकं, राखमाती. मग नदीकाठची कोरडी वाळू तिने नऊ खेपा करून आणली, शेडमधली ओली वाळू काढून टाकली आणि तिन्ही मडकी पालथी पुरली. एस्मेरला तिच्या हाताने उकरायची होती ना, निदान उकरायला तरी काही मिळेल. बाकी आठांचं काय सांगायचं ते उकरताना बघू. तोंड लपवण्याची इच्छा तिच्यात उरली नव्हती. पण आधी सगळ्यांनी एक घास खावा, मग मारायचं तर मारावं.

दर गुरुवारी संध्याकाळी सोसिन मेलेल्यांच्या नावाने हलवा परतायची आणि सात घरी वाटून यायची. बेस्ना गेल्यापासून एकही गुरुवार चुकला नव्हता. आज तिचे पाय चालेनात. तिने सारोच्या हाती हलव्याचं ताट दिलं आणि स्वतः गोठ्यात मेंढ्यांना गवत टाकू लागली. म्हणूनच तिला ते दिसलं.

तेमो काठी टेकत शेडकडे येत होता. दुसऱ्या हातात पाण्याचा पाच लिटरचा कॅन. वजनाने तो एका अंगाला कलला होता. शेडच्या मधोमध येऊन त्याने काठी भिंतीला टेकवली, कॅनचं झाकण काढलं, ओठांतल्या ओठांत फातिहा पुटपुटला आणि कॅन वाकडा केला.

"बावो!"

सोसिनची किंकाळी ऐकून मेंढ्या बिथरल्या. तेमोच्या हातून कॅन निसटता निसटता राहिला. पसाभर पाणी वाळूवर सांडलंच. सोसिन धावत आली, तिने कॅन हिसकावून घेतला आणि ओली वाळू दोन्ही हातांनी बाजूला सारू लागली, वेड्यासारखी.

"काय गं, काय झालं?" म्हातारा भांबावला. "साप आहे का?"

"तुम्ही काय करत होतात?"

"काय म्हणजे? गुरुवार आहे ना आज. बेस्नाला पाणी." तो ओशाळून म्हणाला, "चाळिसाव्यापर्यंत चढत होतो वर कबरीवर. मग गुडघ्याने सोडलं. म्हटलं, तिचे हात शेवटचे टेकले ते इथे. इथेच द्यावं. दोन कॅन देतो दर गुरुवारी. तू हलवा वाटायला जातेस तेव्हा."

सोसिनचे हात वाळूतच थांबले. मधोमध ओल. कालव्याची बाजू कोरडी. नऊ गुरुवार, अठरा कॅन.

मी नव्हते. पहिला विचार हाच आला, खोटं कशाला बोला. छातीवरचा धोंडा उतरला आणि ती मोठ्याने हसणार होती. मी नव्हते, एस्मेर! तीन दिवस आणि दोन रात्री मी स्वतःला खात होते आणि मी नव्हतेच! मग तिने वर पाहिलं. तेमो रिकाम्या हातांनी उभा होता, धूसर डोळ्यांनी तिच्या दिशेला बघत, आपलं काय चुकलं ते समजून घेण्याची धडपड करत. आणि सोसिनला दुसरी गोष्ट कळली, ती जास्त वाईट होती. म्हातारा नऊ आठवडे बायकोच्या कबरीवर गेला नव्हता आणि घरातल्या कुणालाही ते दिसलं नव्हतं. तिलाही नाही.

"साप नाही, बावो," ती म्हणाली. "उद्या एस्मेर वाळू उकरणार, चिखलात हात जातील तिचे. म्हणून ओरडले. चला."

"कुठे?"

"वर. गाढवाला काय रोग झालाय? त्याचे चारही गुडघे धड आहेत."

गाढवावर बसायला तेमोने बरीच कुरकुर केली. पण बसला. कॅन त्याने मांडीवर धरला, झाकण उघडं असल्यासारखा जपून. टेकडीवर कबरीभोवती काटे माजले होते, माती उन्हाने तडकली होती. सोसिनने काटे उपटले. तेमोने पाणी ओतलं, आणि मातीने ते इतक्या वेगाने पिऊन टाकलं की दोघं बघतच राहिली.

शुक्रवारी एस्मेर आली. मुल्लाने मेवलूद वाचला, अंगणात सतरंज्या पसरल्या, तंदूरच्या गरम रोट्यांची चळत लागली. मग एस्मेरने बाह्या सरसावल्या आणि शेडमध्ये जाऊन ती वाळू उकरू लागली. मागे दोघी बहिणी, तेमो, सारो आणि अर्धं गाव. एक मडकं निघालं, दोन निघाली, तीन. मग एस्मेर नुसतीच वाळू उपसत राहिली. भिंतीपर्यंत गेली, परत आली.

"बाकीची आठ कुठायत?"

ती सुनेकडे वळली.

"सोसिन. बाकीची आठ कुठायत?"

"पाणी शिरलं," सोसिन म्हणाली. "ऑगस्टमध्ये कालवा फुटला माझ्या हातून. फोनवर बोलत होते. मंगळवारी कळलं. वाचलं ते धुऊन, खारवून पुन्हा भरलंय. एवढंच वाचलं."

एस्मेरने पहिलं मडकं तिथेच फोडलं. चिमूटभर चीज तोंडात घातलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मग ती ओरडलीच नाही, हे जास्त भयंकर होतं. "मीठ," ती म्हणाली. "नुसतं मीठ. चार महिने मी या घासाची वाट बघितली. रोज झोपताना आठवून बघायचे, कशी होती ती चव, विसरले तर नाही ना. आणि तू फोनवर बोलत होतीस."

"हो."

"आईने तुला पोटच्या पोरीपेक्षा जवळ केलं आणि तू तिला दुसऱ्यांदा मारलंस, मासोळी."

सोसिनने मान खाली घातली. तिने ठरवलं होतं, बोलायचं नाही, आणि ती बोलली नाही. सारो तोंड उघडणार होती, तिचा हात तिने दाबून धरला.

"कुठल्या दिवशी फुटला कालवा?" तेमोने मागून विचारलं.

"जाऊ दे ना, बावो."

"सेरहादचा फोन आला, तू तुतीखाली उभी होतीस, तोच ना दिवस? ते पाणी मी अडवलं होतं. कुदळीने दोन ढेकळं टाकली मी. शेडपर्यंत आलंच नव्हतं ते." तो पुढे आला. काठीने त्याने वाळू चाचपली, इथे, तिथे, मधोमध. काल इथेच ती किंचाळली होती. साप नव्हता. त्याची काठी थांबली. भिंतीला टांगलेल्या कॅनकडे त्याने मान वळवली, आणि सोसिनने पाहिलं की त्याला कळलं.

"बावो, नका," ती म्हणाली.

"एस्मेर," म्हातारा म्हणाला, "तिला सोड. पाणी मी घातलं."

"तुम्ही?"

"दर गुरुवारी. डोंगर चढवत नव्हता." त्याने वाळूवर काठी टेकवली. "मला वाटलं, तिला तहान लागली असेल."

एस्मेर बापाकडे बघत राहिली, मग सोसिनकडे. वाळूने माखलेले हात तिने पुढे केले आणि सोसिनचे हात धरले. मिठाने फुटलेल्या बोटांना वाळू झोंबली, सोसिनने ते कळू दिलं नाही.

सारोने कुणाची वाट न बघता तिसरं मडकं आडवं केलं, लिंपण फोडलं आणि वरचं चीज काढत काढत तळापर्यंत गेली. ते अखंड ढेकूळ तिने रोटीवर ठेवलं, खळग्यांची बाजू वर करून. एस्मेरने तो वाकड्या बोटाचा खळगा पाहिला. सारोने रोटी तेमोपुढे धरली. त्याला ते दिसलं नसतं, म्हणून सोसिनने त्याचा हात धरून खळग्यांवर ठेवला. त्याची बोटं एकेक करत आत बसली. मधलं नीट बसेना, तेव्हा त्याने ते किंचित वाकवलं.

"हे राहू दे," एस्मेर म्हणाली. "हे कुणी फोडायचं नाही. हे ठेवून देऊ."

"ठेवून किती दिवस राहणार?" तेमो म्हणाला. "तिने खायला केलंय." आणि त्याने तिथेच, खळग्यांच्या मधून, ढेकूळ मोडलं. पहिला तुकडा त्याने हवेत पुढे केला. "बूके, कुठायस? आधी तू."

सोसिनने तो तोंडात घातला. सिरिकचा तिखटपणा नाकात चढला, मग दूध, मग मीठ, कमीच, बेस्ना घालायची तेवढंच. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ती बोलता बोलता थांबली.